गोबो आणि अब्बांची हातगाडी

आमचं आडनाव बागवान. बागवान म्हणजे बाग राखणारा, हे शाळेत असताना कुणीतरी सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. कारण आमच्या घरात कुणाकडे वाफाभरसुद्धा जमीन नव्हती. आजोबा कराडच्या मंडईत फळं विकायचे, अब्बा हातगाडीवर भाजी. दुसऱ्यानं पिकवलेलं पहाटे लिलावात घ्यायचं, पाणी मारायचं, जुड्या नीट लावायच्या आणि दुपारपर्यंत गल्लोगल्ली विकून घरी यायचं, एवढीच आमची बागवानी. घरात स्वतःच्या हातानं बी पेरणारी पहिली मी निघाले. तेही कुठे, तर टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, भाड्याच्या घराच्या मागच्या अंगणात. आणि पेरलं काय, तर गोबो.

गोबो म्हणजे काय ते आधी सांगते. ते एक मूळ आहे. मुळ्यासारखं सरळ खाली जाणारं, पण मुळ्याहून बारीक आणि कितीतरी लांब. जाडी अंगठ्याएवढी, लांबी हातभर, कधी त्याहून जास्त. रंग मातकट तपकिरी. बाजारात जुडी बांधून उभी ठेवलेली असते, तेव्हा पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं की सरपण विकायला ठेवलंय. टोकियोतच ताकिनोगावा नावाचा भाग आहे. तिथल्या खोल, भुसभुशीत मातीत एदो काळापासून मीटरभर लांबीचा गोबो पिकायचा. आजचे बहुतेक लांब वाण त्याच्याच वंशातले मानले जातात. झाड सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातलं. चीनमध्ये आणि युरोपात त्याचा उपयोग मुख्यतः औषधाला. रोजच्या जेवणात भाजी म्हणून हे मूळ खाणारे प्रामुख्यानं जपानी आणि कोरियन.

गंमत म्हणजे गोबो मूळचा जपानचा नाहीच. फार पूर्वी तो समुद्रापलीकडून आला आणि इथल्या मातीत खोल गेला. आता त्याला कुणी विचारत नाही, तू मूळचा कुठला म्हणून. मला मात्र महाराष्ट्रात हा प्रश्न जन्मभर ऐकावा लागला. "मराठी किती छान बोलता हो! मूळच्या कुठल्या?" कराडची, असं सांगितलं की समोरचा हसून पुन्हा विचारतो, "ते झालं, पण मूळच्या?" असो.

आम्ही २०१९ साली इथं आलो. नवऱ्याची नोकरी संगणकातली, मुलगी तेव्हा सात वर्षांची. पहिले दोन महिने घर शोधण्यात गेले. एजंट फोनवर घरमालकाशी बोलायचा, मग आमच्याकडे वळून, कमरेत वाकून, फार नम्रपणे सांगायचा की ते परदेशी भाडेकरू ठेवत नाहीत. असं चार वेळा झालं. मला ते फारसं नवं नव्हतं. पुण्यात आडनाव सांगितल्यावर "घर कालच गेलं" हे वाक्य मी ऐकलेलं होतं. फरक इतकाच की पुण्यातला माणूस खोटं कारण सांगायचा आणि इथला खरं. पाचव्या वेळी एका म्हाताऱ्या बाईंनी होकार दिला. शेजारच्याच घरात त्या एकट्या राहतात. घरमालकाला जपानीत ओओया-सान म्हणतात, आम्हीही त्यांना तेच म्हणतो. त्यांचं वय तेव्हा ऐंशीला टेकलेलं.

राहायला गेलो त्या आठवड्यात ओओया-सान एक वाटी घेऊन आल्या. किन्पिरा. गोबोच्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या बारीक काड्या करायच्या, तिळाच्या तेलात परतायच्या, सोया सॉस, साखर आणि सुकी लाल मिरची घालायची. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला द्यावा असा साधा घरगुती पदार्थ. पण त्यात बहुतेक घरांत मिरिन किंवा साके पडतंच. मी मुलीला विचारायला सांगितलं, यात दारू आहे का? त्यांनी मान डोलावली, थोडीशी. मी हसले, दोन्ही हातांनी वाटी पुढे केली आणि भरलेली तशीच परत दिली. त्या काही बोलल्या नाहीत. दार लावून घेतलं तेव्हा मला बरं वाटलं की बाई समजूतदार आहे, वाद न होता सुटले. त्यानंतर सहा महिने त्यांच्या घरून काही आलं नाही. भेटल्यावर नमस्कार व्हायचा, तेवढाच.

मग २०२० चा एप्रिल आला. भारतात टाळेबंदी, पण भाजीविक्रीला परवानगी होती, म्हणून अब्बांची गाडी चालू होती. दिल्लीतल्या एका धार्मिक कार्यक्रमाच्या बातम्या टीव्हीवर दिवसरात्र चालल्या होत्या. मुसलमान भाजीवाले भाजीला थुंकी लावतात असे व्हिडिओ फोनाफोनी फिरत होते. त्यातले कितीतरी जुने, भलत्याच प्रसंगाचे निघाले, पण तोवर ते जिथं पोचायचे तिथं पोचले होते. ठिकठिकाणी भाजीवाल्यांना नावं विचारली जात होती.

अब्बा एका कॉलनीत तीस वर्षं गाडी नेत होते. तिथल्या कितीतरी मुलांच्या हातात त्यांनी फुकटची गाजरं दिली होती. त्या दिवशी एका तरुण मुलानं गाडीसमोर मोटारसायकल आडवी लावून विचारलं, "नाव काय तुझं?" एकसष्ट वर्षांच्या माणसाला, तुझं. अब्बांनी नाव सांगितलं. "मग इथं यायचं नाही." एका बाईंच्या हातात मेथीची जुडी होती. त्यांनी ती हळूच गाडीवर परत ठेवली आणि न बोलता आत गेल्या. अब्बांनी गाडी वळवली. उरलेला पालक, मेथी शेजाऱ्यांच्या शेळ्यांना घातली आणि दुसऱ्या दिवसापासून लिलावाला जायचं बंद केलं.

हे मला भावानं सांगितलं. अब्बांना विचारलं तर म्हणाले, "कुछ नै हुआ बेटा. आज माल उठ्या नै, बस." विमानं बंद होती. मी इथं स्वयंपाकघरात फोन धरून उभी.

त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर तो मोटारसायकलवाला आला नाही. ती बाई आली, मेथी परत ठेवणारी. आणि तिच्या मागोमाग माझी मीच आले, वाटी परत देणारी. मी स्वतःला समजावलं की दोन्ही गोष्टी एक नाहीत. मी पदार्थात काय आहे ते विचारलं होतं, त्या बाईनं पदार्थ कुणाच्या हातचा आहे ते बघितलं. हा फरक खराच आहे, आजही मला तो खरा वाटतो. पण तो फरक माझ्या डोक्यात होता. ओओया-सानना तो कुणी सांगितला होता? त्यांना दिसलं ते एवढंच, की आपल्या हातची वाटी परत आली.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन कुंपणापाशी गेले. तोंडाला मास्क, मध्ये दोन हात अंतर, आणि मोडकीतोडकी जपानी. सांगितलं की आमच्या धर्मात दारू चालत नाही, स्वयंपाकातलीही नाही, म्हणून वाटी परत दिली. तुमच्या हातचं नको म्हणून नव्हे. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. म्हणाल्या, मला वाटलं तुम्हाला ती झाडाची मुळं वाटली.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. जपानमध्ये ती पुष्कळांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात एका छावणीत युद्धकैद्यांना गोबो खायला दिला. युद्ध संपल्यावर खटला उभा राहिला, तेव्हा "आम्हाला झाडाची मुळं खायला घातली" अशी साक्ष झाली आणि पहारेकऱ्यांना शिक्षा झाली. सांगणाऱ्यागणिक छावणी बदलते, शिक्षा बदलते. जपानी माणूस ती बहुधा गैरसमजाची गोष्ट म्हणून सांगतो, की बिचाऱ्यांनी चांगली भाजी दिली आणि समोरच्यांना कळली नाही.

मला ती तेवढीच वाटली नाही. जपानी छावण्यांत कैद्यांचे अतोनात हाल झाले, हजारो माणसं मेली, हे जगजाहीर आहे. ज्या हातानं काल मारलं, त्याच हातानं आज वाडग्यात तपकिरी काड्या टाकल्या, तर उपाशी माणसाला त्यात भाजी कशी दिसणार? त्याला लाकूडच दिसणार. खाणं ओळखू येण्याआधी देणाऱ्यावर थोडा तरी भरवसा लागतो. कैद्यांचा भरवसा मोडायला कारण होतं. पण अब्बांच्या हातानं त्या कॉलनीचं काय वाईट केलं होतं? तीस वर्षांत कुणाला एक किडकं वांगंसुद्धा घातलं असेल तर ते चुकून.

ओओया-सान आत गेल्या आणि बियांचं पाकीट घेऊन आल्या. म्हणाल्या, लावून बघ, मग कळेल भाजी आहे की झाड.

रमजान सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी मी गोबो पेरला. अब्बा व्हिडिओ कॉलवर. त्यांनी आयुष्यात कधी पेरलेलं नाही, पण मत भरपूर. कामही नव्हतं त्यांना, सकाळी नऊला घरात बसलेले अब्बा मी तेव्हाच पहिल्यांदा बघत होते. बी रात्रभर पाण्यात भिजवायचं. उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून वर माती अगदी पातळ, जेमतेम झाकण्यापुरती. रोप काढून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही, जिथं वाढायचं तिथंच पेरायचं. आंबट जमीन चालत नाही, म्हणून आधी चुना मिसळायचा. आणि खणायचं खोल. पाऊण मीटर तरी. वाटेत दगड, खापर किंवा खताचं ढेकूळ आलं की मुळाला फाटे फुटतात.

एदोगावा नदीकाठचा सखल भाग. ताकिनोगावासारखी खोल भुसभुशीत माती इथं नाही, थोडं खणलं की चिकट लागते. म्हणून ओओया-साननी अर्धा गोबो जमिनीत आणि अर्धा पोत्यात लावायला सांगितला. मातीच्या रिकाम्या पिशवीचा तळ कापायचा, ती जमिनीवर उभी करायची, चाळलेली माती भरायची आणि वरून बी टाकायचं. मुळं पिशवीतून खाली जमिनीत उतरतात. काढताना पिशवी फाडली की झालं. अब्बा म्हणाले, "हे बरं आहे. गोणीत पिकवा, गोणीतच विका."

दहाव्या दिवशी कोंब दिसले. मे महिन्यात टोकियोत सहेरी पहाटे तीनच्या आत आटपावी लागते आणि साडेचारला लख्ख उजाडतं. नमाज झाल्यावर झोप लागायची नाही, मी मागच्या अंगणात जाऊन बसायची. मशिदी बंद, तरावीह घरातच, ईदलाही कुणाकडे जाणं नाही. त्या रमजानमध्ये माझ्याकडे येणारे नवे पाहुणे म्हणजे ते गोबोचे कोंब. मग विरळणी करायची. दर वितीला एकच रोप ठेवायचं, बाकीची उपटायची. माझा हात धजेना. अब्बा म्हणाले, "उपट. दाटीवाटीत कुणाचंच अंग भरत नाही." जुलैपर्यंत पानं अळूएवढी झाली, खालून पांढरट, लवदार. मुलगी म्हणाली वडी कर. मी केली नाही.

गोबो डिसेंबरात काढला. पोत्यातला सोपा होता, पिशवी उभी चिरली आणि पाच-सहा मुळं मातीतून सळसळत बाहेर आली. जमिनीतल्यानं घाम काढला. ओढून तो येत नाही. शेजारी खड्डा खणायचा, मूळ उघडं पाडायचं आणि मग आडवं करून त्या खड्ड्यात ओढायचं. मी अर्धा मीटर खणलं, धीर सुटला, ओढलं आणि कट्‌कन तुटलं. दुसरं तुटलं. तिसरं निघालं, तर त्याला दोन पाय फुटलेले, माणूस मांडी घालून बसल्यासारखं. ओओया-सान कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, तुटलेला आधी खायचा, आखखा मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा, धुवायचा नाही.

संध्याकाळी अब्बांना दाखवला, तर त्यांचा पहिला शब्द, "धुऊ नको. मातीसकट ठेव. आलं, रताळी, अळकुड्या, सगळ्यांचं तेच. धुतलं की माल दोन दिवसांत मरतो." दोघांची भाषा एक नाही, देश एक नाही, पण बोलणं शब्दाला शब्द एक. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "भाव काय?" मी म्हटलं, दुकानात दोन-तीन मुळांच्या जुडीला दोनशे येनच्या आसपास. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे एकशेचाळीस रुपये? या लाकडाचे? मग खाताय काय, विका की!" आठ महिन्यांत अब्बांना मी पहिल्यांदा तसं हसताना बघितलं.

तुटलेल्या गोबोचं मी आपल्या पद्धतीनं केलं. त्याची साल काढत नाहीत, चव सालीपाशीच असते. सुरीच्या पाठीनं नुसतं खरवडायचं. चिरला की लगेच काळा पडतो, म्हणून थोडा वेळ पाण्यात ठेवायचा. कांदा परतून, घरून आलेला कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याचा कूट घालून भाजी केली. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो तिला, आणि दाताखाली कमळकाकडीसारखी कुरकुरते. एक वाटी कुंपणावरून दिली. ओओया-साननी विचारलं, तिखट आहे का? मी मान डोलावली, थोडीशी. त्यांनी वाटी घेतली.

१ जानेवारीला त्यांनी नवीन वर्षाचा डबा आणला. त्यात तताकी गोबो होता, उकडून, ठेचून, तीळ आणि तांदळाच्या व्हिनेगरमध्ये घातलेला. घराचं मूळ जमिनीत घट्ट राहावं म्हणून तो नवीन वर्षाला खातात. डब्यासोबत त्यांनी सोया सॉसची आणि व्हिनेगरची बाटलीही आणली होती. मुलीच्या हातात देऊन म्हणाल्या, यावरची अक्षरं वाच आणि आईला सांग काय काय आहे. मिरिन घातलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं.

अब्बांची गाडी त्याच हिवाळ्यात पुन्हा निघाली. ती कुणी लेख लिहून किंवा मोर्चा काढून निघाली नाही. दुसऱ्या एका गल्लीतल्या दोन आज्या घर शोधत आल्या आणि अब्बांना रागावल्या, "आम्ही काय मॉलमध्ये जायचं का आता?" दुसऱ्या दिवशी ते पहाटे लिलावाला गेले. अम्मी फोनवर म्हणाली, "आज सात बजे बोहनी हुई." बस, एवढंच.

२०२३ साली मी घरी गेले तेव्हा अब्बांसाठी भाजलेल्या गोबोचा चहा नेला होता. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला. "लाकूड उकळून पितात होय?" पण रोज सकाळी पाकीट उघडून वास घ्यायचे. एक दिवस मी त्यांच्यासोबत गाडीबरोबर चालले. त्या कॉलनीच्या कोपऱ्यावर आलो आणि अब्बांनी काही न बोलता गाडी उलट्या बाजूला वळवली. मीही काही बोलले नाही. तेवढ्यात मागून हाक आली. एक बाई पिशवी घेऊन कॉलनीतून झपझप येत होत्या. त्यांनी टोमॅटो घेतले, मेथी घेतली. अब्बांनी वर कोथिंबीर टाकली. त्या गेल्यावर मी विचारलं, या त्याच का? अब्बा तराजू पुसत होते. म्हणाले, "गिऱ्हाईक आहे. रोज कोपऱ्यापर्यंत येते." मी पुढे विचारलं नाही. त्या कोपऱ्याच्या आत अब्बांची गाडी अजून जात नाही.

ओओया-साननी मला शिकवलेलं एक राहिलं. ज्या वाफ्यात गोबो घेतला, त्यात चार-पाच वर्षं पुन्हा गोबो घ्यायचा नाही. जमीन बिघडते, मुळं सडतात. दरम्यान तिथं दुसरं काही लावत राहायचं. आम्ही तिथं भेंडी लावली, वाटाणा लावला, अब्बांच्या हट्टानं मेथीही लावली. २०२० चा तो पहिला वाफा यंदा मोकळा झाला. गेल्या आठवड्यात मी बी भिजत घातलं. ओओया-सानना आता खाली वाकवत नाही. त्या खुर्ची टाकून बसल्या होत्या, अब्बा फोनच्या पडद्यावर होते, आणि दोघंही एकाच वेळी मला सांगत होते, की अजून खोल खण.